पगार थांबला, तर पहिल्याच बैठकीत सांगा
(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत कोषाध्यक्ष ताईंनी केलेलं भाषण)



आपल्याकडे मुलगी द्यायची तर पहिला प्रश्न असतो, "मुलगा सरकारी आहे का?" सरकारी पगार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं आपण धरून चालतो. पण सरकारची तिजोरीही आपल्या घरातल्या डब्यासारखीच. येणं थांबलं की देणं अडतं.

आठवतंय का, मार्च २०२० चा पगार? टाळेबंदीत दुकानं, वाहतूक, खरेदी-विक्री बंद, म्हणजे कर जमा होईना. तेव्हा आपल्या राज्य सरकारने अ आणि ब वर्गाला आधी निम्मा पगार दिला, क वर्गाला पंच्याहत्तर टक्के, ड वर्गाला पूर्ण. उरलेला नंतर द्यायचा ठरलं. केंद्र सरकारने महागाई भत्त्याची वाढ दीड वर्ष गोठवली आणि त्या काळातली थकबाकी दिलीच नाही. ही झाली कायम नोकरीवाल्यांची गोष्ट. कंत्राटी माणसाचं काय? त्याचा अकरा महिन्यांचा करार संपला की पुढचा आदेशच निघत नाही. "काढून टाकलं" असंही कोणी म्हणत नाही.

माझ्या घरात हेच झालं. आमचे हे तालुक्याला एका कार्यालयात कंत्राटी ऑपरेटर होते. त्या वर्षी तीन महिने पगार आला नाही. विचारलं की उत्तर एकच, "निधी आला नाही." सप्टेंबरात करार संपला आणि काम गेलं.

गटाचं माझ्याकडे वीस हजार कर्ज होतं. महिन्याचा हप्ता दोन हजार, वर व्याज. मला लाज वाटली. इतरांकडून वसुली करणारी मी, आपलाच हप्ता कसा चुकवू? म्हणून गुपचूप फायनान्सवाल्याकडून पंधरा हजार उचलले आणि त्यातून गटाचे हप्ते भरले. वहीत मी एकदम नियमित! इकडे दर आठवड्याला फायनान्सचा माणूस दारात. मग मी बैठकीलाच जाईना.

शेवटी अध्यक्ष अक्का घरी आल्या. म्हणाल्या, "अगं, हप्ता चुकला तर वहीत लिहिता येतो. तू लपवलंस ते कुठं लिहू?" मी रडले.

पुढच्या बैठकीत सगळं सांगितलं. तोवर गटाचे चौदा हजार राहिले होते. गटाने ठराव केला : तीन महिने फक्त व्याज भरायचं, शेकडा एक रुपयाने महिना १४० रुपये. नंतर हप्ता हजाराचा, म्हणजे चौदा महिने. माफी दिली नाही, मुदत दिली. ह्यांनी मोटारसायकल विकून फायनान्स फेडलं. आता ते कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहितात. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, पण घर चाललंय.

तुमच्यातल्या कुणाचा नवरा कंत्राटी असेल, कुणी स्वतः मानधनावर असेल. त्यांना माझं सांगणं एवढंच :

पगार अडला की पहिल्याच बैठकीत सांगा. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज काढू नका. नेमणुकीचा आदेश, हजेरीची प्रत, पासबुक जपून ठेवा. थकलेला पगार तोंडी मागू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. पगार सुरू असतानाच एका महिन्याचा किराणा निघेल एवढी रक्कम बाजूला टाका. आणि काही झालं तरी बचत आणि बैठक सोडू नका, मग बचत दहा रुपये का असेना.

गटांनाही एक विनंती. पगार थांबलेल्या ताईचा हप्ता चुकला, तर दंडाची पावती फाडायच्या आधी तिच्या घरी जा. पुढच्या बैठकीत मुदतवाढीचा नियम ठरवा आणि ठराव वहीत लिहून ठेवा. वेळ आल्यावर ठरवायला बसलो की भांडणं होतात.

माझं चुकलं ते मी सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्ही तेवढी वाट पाहू नका.