मेल आलाच नाही, असं म्हणण्याआधी

आजचा भाग पदवीनंतर पुढे शिकू पाहणाऱ्यांसाठी आहे. एमएस्सी, एमसीए, एमटेक, एमबीए, पीएचडी, जे काही असेल ते. विषय दिसायला अगदी किरकोळ आहे, ईमेल. प्रवेश परीक्षेचा अभ्यास कसा करायचा यावर ढिगाने व्हिडिओ सापडतील. पण परीक्षा झाल्यावर संस्था तुमच्याशी बोलते कशी, आणि तुम्ही तिच्याशी कसं बोलायचं, यावर फारसं कुणी बोलत नाही.

मी धाडचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बुलढाणा जिल्ह्यातलं, जालन्याच्या हद्दीजवळचं गाव. आमचं विद्यापीठ म्हणजे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. १९८३ साली सुरू झालेलं, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ या पाच जिल्ह्यांचं. धाडहून अमरावती दोनशे किलोमीटरच्या वर, पुणे-मुंबई तर सोडूनच द्या. शहरातल्या पोराला शंका आली तर तो गाडीला किक मारून कार्यालयात जाऊन येतो. आपल्याकडे एका शंकेसाठी एक दिवस आणि जाण्यायेण्याचं एसटी भाडं जातं. त्यामुळे मेलची गरज खरी आपल्यालाच जास्त, आणि मेलची सवय आपल्यालाच कमी. आपलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मधे काही महिने एका पदव्युत्तर संस्थेची मेल यंत्रणा सुधारायचं काम आमच्या टीमकडे होतं. नाव घेत नाही, गरजही नाही. तिथे मी विद्यार्थ्यांचे आणि कार्यालयाचे मेल दोन्ही बाजूंनी पाहिले. सगळ्यात जास्त वेळा वाचलेलं वाक्य कोणतं असेल? "सर, मला मेल आलाच नाही."

आणि गंमत अशी की बहुतेक वेळा पोरं खोटं बोलत नव्हती.

मग मेल जातो कुठे? पहिली जागा, नेट कॅफे. तुम्ही फॉर्म भरायला सेतू केंद्रात किंवा ऑनलाइन फॉर्मवाल्या दादाकडे जाता. गर्दी असते, शेवटची तारीख असते. तो विचारतो, "ईमेल आयडी आहे का?" तुम्ही म्हणता, "आहे, पण पासवर्ड आठवत नाही." तो म्हणतो, "राहू दे, आपलाच टाकतो." झालं. आता संस्थेच्या दृष्टीने तुम्ही म्हणजे तो दादा. त्याच्या इनबॉक्समध्ये पन्नास पोरांचे मेल, आणि त्याला त्यातला एकही वाचायचे पैसे मिळत नाहीत. मी त्याला दोष देत नाही. तीस-चाळीस रुपयांत त्याने फॉर्म भरून दिला, फोटोची साइज कमी करून दिली, अजून काय करावं?

मुलींच्या बाबतीत अजून एक पायरी. मोबाईल नंबर वडिलांचा, ईमेल भावाचा. भाऊ पुण्यात किंवा वाळूजला कंपनीत शिफ्टमध्ये. ओटीपीसाठी त्याला फोन, मेलसाठी त्याला फोन. तो चांगलाच असतो हो, पण नाइट शिफ्ट करून झोपलेला असतो.

अशीच एक केस मी रेकॉर्डमध्ये पाहिली. यंत्रणा आमच्याकडे यायच्या आधीची गोष्ट. एमएस्सीची दुसरी यादी लागली, एका मुलीला जागा मिळाली, फी भरायला तीन दिवस दिले. मेल भावाच्या पत्त्यावर गेला आणि परत आला. परत आलेला मेल, ज्याला बाउन्स म्हणतात, त्यात कारणाचा कोड असतो. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. ५.२.२ म्हणजे मेलबॉक्स भरलेला आहे. हिच्या बाबतीत ५.२.२ होता. संस्थेच्या सर्व्हरवर त्याची नोंद व्यवस्थित पडली, पण ती नोंद बघणं हे कुणाचंच काम नव्हतं. तीन दिवस गेले, जागा पुढच्या नंबरला गेली. तिचा मेल आला तेव्हा फेरी संपलेली होती. तिने लिहिलं होतं, "मी रोज बघत होते." रोज बघत होती ती वेबसाइट. वेबसाइटवर फक्त यादीची पीडीएफ होती, फीची तारीख मेलमध्येच होती.

मेलबॉक्स भरतो कसा, हे नीट ऐका, कारण आत्ता ऐकणाऱ्यांपैकी कुणाचा तरी भरलेला असणार. गुगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते. ही जागा एकट्या जीमेलची नाही. ड्राइव्ह आणि फोटोही त्यातच. जून २०२१ पासून गुगल फोटोजमध्ये जाणारे नवे फोटो या १५ जीबीत मोजले जातात. आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, जो आधी मोजला जात नव्हता, तोही आता मोजला जातो. म्हणजे काय, तर मामाच्या मुलाच्या लग्नाचे व्हिडिओ, शुभ सकाळचे गुलाब, गणपतीची मिरवणूक, हे सगळं ज्या डब्यात भरतं त्याच डब्यात तुमचं प्रवेशपत्र यायचं असतं. डबा भरला की फोन एक बारीक सूचना दाखवतो, आपण ती बाजूला सारतो, आणि काही दिवसांनी नवे मेल येणं बंद होतं. तुम्हाला काही कळत नाही. न आलेला मेल दिसणार कसा?

दुसरं, बारावीत उघडलेलं खातं. दोन वर्षं त्यात कुणी शिरलंच नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं, हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू झालाय. तिसरं, खात्याला जोडलेला जुना मोबाईल नंबर. रिचार्ज न केल्याने बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. मग पासवर्ड विसरलात की तुमच्या खात्याचा ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनवर.

आता कायद्याचा एक मुद्दा. मी वकील नाही, पण हे कलम इंजिनिअरलाही समजेल इतकं सरळ आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम १३. त्याचा मतितार्थ असा : दोघांमध्ये वेगळं काही ठरलेलं नसेल, आणि तुम्ही स्वतः एखादा पत्ता 'यावर पाठवा' म्हणून दिला असेल, तर इलेक्ट्रॉनिक संदेश त्या पत्त्याच्या यंत्रणेत शिरला त्या क्षणी तो तुम्हाला मिळाला. 'वाचला' असा शब्दच तिथे नाही. स्पॅममध्ये पडला, भावाच्या फोनवर पडला, कॅफेवाल्याकडे पडला, तरी शिरला तो शिरलाच. म्हणून अर्जात ईमेलचा रकाना भरताना तुम्ही सही करताय असं समजा. मात्र याचीच दुसरी बाजू बघा. बाउन्स झालेला मेल यंत्रणेत शिरलेलाच नाही. त्या मुलीला हे माहीत असतं आणि तिने पहिल्याच दिवशी "माझ्या पत्त्यावर मेल पोचल्याची नोंद दाखवा" असं लिहिलं असतं, तर कार्यालयाला उत्तर द्यायला जड गेलं असतं.

शेवटच्या मिनिटाची किंमत काय असते ते २०२४ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्याचा अतुल कुमार, वडील मजुरी करणारे, आयआयटी धनबादला बीटेकची जागा मिळाली. १७,५०० रुपये २४ जूनला संध्याकाळी पाचपर्यंत भरायचे होते. पैसे गोळा होईपर्यंत मुदत हुकली. सुप्रीम कोर्टाने ३० सप्टेंबरला घटनेच्या कलम १४२ खाली त्याला प्रवेश द्यायला लावला. छानच झालं. पण जूनमध्ये गेलेली जागा परत यायला सप्टेंबरची अखेर उजाडली, आणि तेही दिल्लीपर्यंत धडक मारल्यावर. प्रत्येकाच्या मागे कलम १४२ उभं राहत नाही.

इथपर्यंत मी विद्यार्थ्यांना सांगत होतो. पण खरं सांगू का, माझ्या मते जास्त काम कार्यालयांनी करायला हवं. ऐकणाऱ्यांत कुणी प्राध्यापक, क्लार्क, विभागाचे समन्वयक असतील तर हे तुमच्यासाठी.

मेलचा विषय 'महत्त्वाची सूचना' असा नका लिहू हो. सगळ्याच सूचना महत्त्वाच्या असतात. 'एमएस्सी दुसरी यादी : १८ जुलै सायंकाळी ५ पर्यंत फी भरा' असं लिहा, म्हणजे मेल न उघडताही कळतं. तारीख पीडीएफच्या आत लपवू नका, तीही वाकडी स्कॅन केलेली. काही कार्यालयांत अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. तो मजकूर कॉपी करून मेलमध्ये टाकला की विद्यार्थ्याच्या फोनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्येच टाइप करा. आणि ज्या पत्त्यावर उत्तर देता येत नाही अशा पत्त्यावरून प्रवेशाचा मेल पाठवणं म्हणजे दार लावून आतून हाक मारण्यासारखं आहे.

थोडं तांत्रिक. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केलेत. तुमच्या डोमेनच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, याची जाहीर यादी ठेवावी लागते, तिला एसपीएफ म्हणतात. मेलवर डिजिटल शिक्का लागतो, तो डीकेआयएम. यातलं काहीच नसेल तर मेल स्पॅममध्ये जातो किंवा दारातूनच परत फिरतो. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तर दोन्ही लागतात, वर डीमार्क नावाची आणखी एक गोष्ट. वेबसाइट एका कंत्राटदाराकडे, मेल दुसऱ्याकडे, असं असेल तर हे नेमकं राहून जातं. ज्या कुणाला संस्थेत 'कॉम्प्युटरवाले सर' म्हणतात त्यांना एकदा विचारून घ्या.

आम्ही त्या संस्थेत केलेला सगळ्यात उपयोगी बदल मात्र अगदी साधा होता. रोज संध्याकाळी चार वाजता बाउन्स झालेल्या पत्त्यांची यादी, नाव आणि मोबाईल नंबरसह, एका ठरलेल्या मॅडमच्या टेबलावर छापून जायची. त्या फोन करायच्या. बस.

"एवढे मेल, माणसं कुठून आणायची?" हा कार्यालयांचा प्रश्नही खोटा नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये अशोक गोयल नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या ऑनलाइन मास्टर्सच्या एका कोर्सला साधारण ३०० विद्यार्थी, आणि एका सत्रात १०,००० च्या आसपास प्रश्न आणि मेसेज. २०१६ मध्ये त्यांनी 'जिल वॉटसन' नावाचा एआय मदतनीस कामाला लावला. नेहमीच्या प्रश्नांना तो उत्तर द्यायचा, पण उत्तराची ९७ टक्के खात्री असेल तरच. बाकीचं माणसांकडे. सत्र संपेपर्यंत मुलांना पत्ताच नव्हता की हे माणूस नाही! मला यातला ९७ टक्क्यांचा भाग आवडतो. 'फी कधीपर्यंत' हे मशीनने सांगावं. 'वडील दवाखान्यात आहेत, दोन दिवस मिळतील का' हे मशीनकडे जाऊ नये.

आता तुम्ही मेल कसा लिहायचा. अर्ध्या मेलमध्ये 'आदरणीय सर' पासून सुरू होऊन घरची सगळी परिस्थिती असते, अर्ज क्रमांक मात्र नसतो. वाचणाऱ्याकडे एकाच नावाचे चार विद्यार्थी असतात. राज्यातल्या विद्यापीठाला मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, मोडक्या इंग्रजीपेक्षा नीट मराठी बरी. असं लिहा :

"विषय : अर्ज क्र. अमुक, एमएस्सी रसायनशास्त्र, फीची पावती मिळाली नाही.
महोदय, मी १६ जुलैला दुपारी सव्वादोनला फी भरली. बँकेतून रक्कम वजा झाली, पण पोर्टलवर 'प्रलंबित' दिसते. व्यवहार क्रमांक व स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. फीची मुदत १८ जुलैपर्यंत असल्याने कृपया १७ तारखेपर्यंत कळवावे. माझा मोबाईल क्रमांक खाली आहे."

एवढंच. एका मेलमध्ये एकच काम. उत्तर आलं नाही तर नवा मेल सुरू करू नका, त्याच मेलला उत्तर म्हणून पुन्हा लिहा, म्हणजे आधीची तारीख सोबत राहते. फोनवर बोलणं झालं असेल तर लगेच दोन ओळी टाका, "आत्ता फोनवर आपण सांगितल्याप्रमाणे..." फोन कुणाला आठवत नाही, मेल राहतो. आणि कॅफेच्या कॉम्प्युटरवर मेल उघडला असेल तर लॉगआउट करूनच उठा, दादा कितीही ओळखीचा असला तरी.

अर्जात आधीच दुसऱ्याचा पत्ता गेला असेल तर? बहुतेक पोर्टलवर प्रोफाइलमध्ये बदलता येतो, नाहीतर त्याच जुन्या पत्त्यावरून संस्थेला लिहावं लागतं. म्हणजे भावाला फोन करा, शिफ्ट सुटली की.

गेट देऊन आयआयटीत एमटेकला जाणाऱ्यांचा प्रकार अजून वेगळा आहे. तिथे ऑफर सीओएपी या पोर्टलवर येते आणि प्रत्येक फेरीत ठरलेल्या वेळेत 'स्वीकार', 'राखून थांबा' किंवा 'नाकारून थांबा' यातलं एक निवडावं लागतं. त्यावर बरेच प्रश्न आलेत, म्हणून पुढचा पूर्ण भाग त्यालाच ठेवलाय. तुमचे प्रश्न पाठवा, मेलवर पाठवलेत तर जास्त आनंद होईल. राम राम.