जमीन विकली तेव्हा आम्ही भात लावत होतो

(सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या स्त्री कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत पाटण तालुक्यातल्या कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)

मैत्रिणींनो,

मला सांगितलंय, की तुमच्या गावात रिसॉर्ट येतंय म्हणतात, त्याबद्दल बोला. मला भाषणाची सवय नाही. मोर्च्यात घोषणा देते, कचेरीत साहेबाशी भांडते, पण असं उभं राहून सलग बोलायचं म्हणजे अवघड जातं. तेव्हा जसं घडलं तसं सांगते.

कोयनेच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. नाव सांगत नाही, कारण आमच्या हरकतीचा निकाल अजून लागलेला नाही. साठ-पासष्ट उंबरे. त्यातल्या निम्म्या घरांना शिमगा आणि गणपती सोडून कुलूप. बाप्ये सगळे मुंबईला. कुणी वाशीच्या मार्केटात माथाडी, कुणी गोदीत, कुणी आता रिक्षा चालवतो. माथाडीचा कायदा १९६९ साली झाला, त्याच्याही आधीपासून आमच्या जावळी-पाटणची माणसं मुंबईत पाठीवर पोती वाहतायत. गावात राहतो आम्ही. शेत आम्ही करतो, गुरं आम्ही राखतो, म्हाताऱ्या माणसांची सेवा आम्ही करतो. आणि सातबाऱ्यावर नाव? ते मुंबईला.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा, भाताची लावणी चालू. वरच्या माळाखाली आमचा झरा आहे. मार्च-एप्रिलात विहिरीनं तळ गाठला, की सगळ्या गावाला तोच. त्या बाजूला एका सकाळी माणसं आली, सिमेंटचे खांब रोवले आणि तारेचं कुंपण घातलं. विचारलं तर म्हणाले, ‘‘ही मालकाची जागा आहे, इथं रिसॉर्ट होणार.’’ कुठला मालक? आम्ही चिखलात उभ्या आणि आमच्या डोक्यावरचा माळ विकला गेलेला! व्यवहार मुंबईत झाला होता. एका हॉटेलात जेवण झालं, तिथंच इसाराच्या पावतीवर सह्या झाल्या, असं मागाहून कळलं.

आम्ही सातजणी तलाठ्याकडे गेलो. सातबारा मागितला, आठ-अ मागितला, फेरफार मागितला. तलाठीभाऊ म्हणाले, ‘‘तुम्हाला कशाला पाहिजे, घरातल्या कुणाला तरी पाठवा.’’ आम्ही म्हटलं, घरातल्या आम्हीच. फेरफार हातात आला. वाचता येणारी मी एकटीच, म्हणून मोठ्यानं वाचायला लागले. आणि वाचता वाचता माझा आवाज बसला.

आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते, पण इथं नाही सांगायचं तर कुठं. माझं माहेर त्याच गावातलं, खालच्या वाडीतलं. विकलेल्या जमिनीत माझ्या बापाचा तुकडा होता. त्या तुकड्यावर माझं नाव लागायला हवं होतं. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा दिला. २००५ साली केंद्राच्या कायद्यानंही तोच हक्क दिला. पण माझे वडील गेल्यावर भाऊ म्हणाले, ‘‘ताई, तेवढी सही करून टाक, तलाठ्याला त्रास नको.’’ मी केली. निबंधकाच्या कचेरीत जाऊन केली. वहिनीनं साडी नेसवली, पुरणपोळी केली. मी रडले, की माझं माहेर किती चांगलं! बायांना जमिनीचा हक्क मिळाला पाहिजे म्हणून मी साताऱ्याच्या मोर्च्यात घोषणा दिल्या होत्या, आणि घरी येऊन हक्कसोडपत्रावर सही केली. का केली? भाऊ तुटेल म्हणून. उद्या नवऱ्यानं टाकलं तर माहेरचं दार उघडं राहावं म्हणून. आपल्या परित्यक्ता बहिणी इथं बसल्यात, त्यांना विचारा, सही करूनसुद्धा दार किती दिवस उघडं राहतं ते.

तर आमच्या झऱ्यावरचं कुंपण माझ्या सहीवर उभं आहे. हे मी त्या दिवशी सातजणींना सांगितलं. वाटलं, आता या मला शिव्या घालतील. त्यातल्या तिघी म्हणाल्या, ‘‘आम्हीपण केल्यात.’’

तिथून आमचं काम सुरू झालं.

पण गाव एका बाजूला आणि रिसॉर्टवाले एका बाजूला, असं काही नव्हतं. मुंबईच्या गावकऱ्यांच्या मंडळाची बैठक झाली. त्यात बाप्ये म्हणाले, ‘‘तिथं काय पिकतं? नाचणी आणि दगड. गवा खातो, रानडुक्कर खातं. भाव मिळतोय तर विका.’’ ते खोटं नाही. रानडुकरांच्या मागं रात्री डबे वाजवत आम्हीच बसतो. माझी स्वतःची मुलगी बारावी झालेली. ती मला म्हणाली, ‘‘आई, तुला झरा वाचवायचाय. मला झऱ्यावर जायचंच नाही. रिसॉर्ट आलं तर मला इथंच नोकरी लागेल, मुंबईला जावं लागणार नाही.’’ तिला काय उत्तर द्यायचं? नुसतं निसर्ग निसर्ग करून चालत नाही. तिचं म्हणणं कष्टातून आलेलं आहे.

म्हणून आम्ही ठरवलं, आधी माहिती काढायची. गटातल्या आम्ही चौघी महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला जाऊन आलो. तिथल्या हॉटेलांत काम करणाऱ्या बायांशी बोललो. चादरी बदलणं, संडास धुणं, भांडी घासणं, हे काम बायांचं. काउंटरवर बसणारा बाहेरचा. हंगाम संपला की घरी जा. आपल्या डोंगरावर आपणच मोलकरीण. मुलीला हे सांगितलं तर ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘मग काउंटरवर मी का नको?’’ हा प्रश्न आमच्या मागण्यांत आम्ही घेतलाय, तो पुढं सांगते.

दुसरी माहिती काढली ती मोठ्या आराखड्याची. आमच्या गावचं रिसॉर्ट हा एकटा प्रकार नाही. सरकारनं सातारा, जावळी, पाटण तालुक्यांतली २३५ गावं धरून नवीन महाबळेश्वर करायचं ठरवलंय. राज्य रस्ते विकास महामंडळाला त्यासाठी विशेष नियोजन प्राधिकरण केलं. २०२४ साली प्रारूप आराखडा जाहीर झाला आणि आणखी २९४ गावं जोडायचंही पुढं आलं. म्हणजे सगळी मिळून ५२९. विशेष नियोजन प्राधिकरण म्हणजे काय? तर कुठं काय बांधायचं याचा नकाशा ते करणार, बांधकामाची परवानगी ते देणार. आराखडा एकदा अंतिम झाला, की त्यात जी जागा ज्या वापराला दाखवली त्यासाठी वेगळी बिनशेतीची परवानगी लागत नाही. म्हणजे आज ग्रामपंचायतीत निदान विचारायला तरी येतात, उद्या तेही नाही. लोकांना हरकती घ्यायची मुदत मिळाली, पण नेमकी भातकापणीच्या तोंडाशी. नकाशे बघायला जायचं तर दिवसाची मजुरी बुडवून. आणि नकाशात आमचा झरा कुठं आहे, हे शोधून द्यायला कुणी नाही. त्याच वर्षी कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीच्या शेकडो एकर जमिनीच्या खरेदीची बातमी राज्यभर गाजली, महसूल खात्याला चौकशी लावावी लागली. तेव्हा आमच्या बाया म्हणाल्या, म्हणजे आपलं एकट्याचं नाही हे.

आमच्या खोऱ्याला हे नवीन नाही. माझी सासू कोयनेच्या धरणात बुडालेल्या गावची. १९६७ च्या ११ डिसेंबरला भूकंप झाला, तो तिनं तात्पुरत्या झोपडीत सोसला. कोयनेची वीज मुंबईला गेली, पाणी खाली गेलं, आणि धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून कोयनानगरला ठिय्या देते. सांगलीच्या मैत्रिणींना चांदोलीचं माहीत आहे. वारणेच्या खोऱ्यातली गावं धरणासाठी आणि जंगलासाठी उठवली. १९८५ साली अभयारण्यं झाली, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आम्ही सरपणाची मोळी आणली तर रखवालदार कोयता काढून घेतो. कारण काय, तर वाघाला त्रास होतो. मग त्याच जंगलाच्या कडेला रात्रभर दिवे आणि गाणी लावली तर वाघाला झोप लागते काय?

आणि बाहेर काय झालं तेही आम्ही वाचलं. मुळशीत लवासा झालं. त्याच मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. लवासाला २०१० साली पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवायची नोटीस दिली, २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. कंपनी बुडाली म्हणून फोडलेला डोंगर परत उभा राहतो का? ज्या कातकऱ्यांची जमीन गेली, त्यांना ती आपोआप परत मिळते का? कंपनीला दिवाळखोरीचा कायदा आहे. आमच्या बायांना कुठला आहे?

आणखी एक गोष्ट, जी बाप्यांच्या बैठकीत कुणी काढलीच नाही. दारू. जावळी तालुक्यातल्या बायांनी मतदान करून परवान्याची दुकानं बंद पाडली. त्यासाठी किती जणींनी मार खाल्ला, ते आपल्याला माहीत आहे. रिसॉर्ट म्हटलं की बारचा परवाना आलाच. पुढच्या दारानं घालवलेली बाटली मागच्या दारानं येणार.

मग आम्ही काय केलं? पहिलं, वाटेचं. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. आम्ही पाचव्या महिन्यात गेलो. तहसीलदार जागेवर आले. म्हाताऱ्या बायांनी साक्ष दिली, की आमच्या शेतांना आणि गुरांच्या चरणीला जायची हीच वाट. कुंपणाला आठ फुटांचा दिंडी दरवाजा झाला. एवढंच मिळालं, पण मिळालं.

दुसरं, ग्रामसभा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असा कायदा आहे. आमच्याकडे ती वहीतच व्हायची, शिपाई घरोघरी सह्या घेऊन जायचा. आम्ही खरी सभा भरवली. सत्तावन्न बाया आल्या. ठराव केला, की झरा, देवराई आणि चरणीचा माळ यावर कुठलंही बांधकाम नको. ग्रामसभेत बाप्ये मुंबईहून गाडी करून आले होते. तीन तास वादावादी झाली. माझा सख्खा भाऊ उठून म्हणाला, ‘‘हिचा इथं हिस्साच नाही, ही कशाला बोलते?’’ मी म्हटलं, ‘‘हिस्सा नाही, पण मतदार आहे.’’ ठराव अकरा मतांनी पास झाला. तेव्हापासून भाऊ बोलत नाही. गेल्या रक्षाबंधनाला मी गेले नाही, त्यानं बोलावलं नाही. ज्या भीतीनं सही केली होती, तेच शेवटी झालं.

तिसरं, आराखड्यावर हरकती. कापणी सांभाळून रात्री शाळेत बसून आम्ही एकेकीची हरकत लिहिली. एकच छापील मजकूर नाही. जिचं शेत तिची गोष्ट. कुणी अंगठा दिला, कुणी पहिल्यांदाच सही केली.

आता आम्ही नुसतं नको म्हणत नाही. सांगलीकडच्या खानापूर तालुक्यात लोकांनी बळीराजा धरण बांधलं, तेव्हा भूमिहीनालाही पाण्याचा वाटा पाहिजे असं ठरवलं. १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदांनी समान पाणीवाटपाची मागणी लावून धरली. तोच विचार आम्ही पर्यटनाला लावतोय. कासच्या पठाराला २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तिथं आजूबाजूच्या गावांच्या समितीमार्फत तिकीट आणि बंदोबस्त चालतो, गावच्या पोरापोरींना हंगामात काम मिळतं. त्यातही त्रुटी आहेत, पण जागा विकावी लागली नाही. आमच्या बचत गटातल्या सहा घरांनी एकेक खोली नीट केलीय. पाहुणा येतो, भाकरी खातो, पैसे देतो, जातो. हिशेब माझी मुलगी ठेवते. काउंटर म्हणायचं तर एक टेबल आहे, पण तिचं आहे.

आमच्या मागण्या अशा: आराखडा मराठीत, गावात, ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि सुगीच्या दिवसांत मुदती घालू नका. महिलांच्या सभेच्या ठरावाशिवाय पुढं जाऊ नका. पाणवठे आणि वाटा नकाशावर आमच्याकडून लावून घ्या. बायांसाठी ठेवाल ते काम नुसतं झाडलोटीचं नको.

आणि मैत्रिणींनो, तुम्हाला एक विनंती. इथून गेल्यावर आपापल्या गावी सातबारा काढा. माहेरचा आणि सासरचा, दोन्ही. फेरफाराची नोंद झाली की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि पंधरा दिवसांत हरकत घेता येते, ते दिवस घालवू नका. हक्कसोडपत्र नोंदवल्याशिवाय तुमचं नाव कमी होत नाही, म्हणून कुणी ‘तेवढी सही’ म्हणालं तर थांबा. घरी जाऊन रात्रभर विचार करा, चारजणींना विचारा. साडी वर्षात विरते.

माझी सही मला परत घेता येणार नाही. तुमची अजून तुमच्या हातात आहे.

एवढं बोलून थांबते. जिंदाबाद.