उताराला घुमते की चढाला?



पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटे माल उतरवायला लागलेल्या गाड्यांच्या रांगेतून कधी गेलात, तर जरा खाली बघत चला. नव्या गाड्यांच्या मधेच एखादी जुनी टाटा ४०७ उभी असते. हे मॉडेल १९८६ साली बाजारात आलं, आणि पुरंदर-जुन्नरचा भाजीपाला आजही त्याच्यावर लादून येतो. अशा गाडीच्या मागच्या एक्सलखाली बघा. मधल्या फुगीर भागाला काळा, चिकट थर बसलेला असतो आणि त्यावर रस्त्याची धूळ. मालकाला विचारलं की तो म्हणतो, ‘थोडं पाझरतंय, पण आवाज नाही ना!’

आवाज नाही, कारण तेल अजून पुरतंय. गळती आणि आवाज ही दोन दुखणी आहेत असं समजून लोक दोनदा खर्च करतात. बहुतेक वेळा दुखणं एकच असतं, आधी गळतं आणि मग घुमायला लागतं.

आधी आवाजाचं बघू. ड्रायव्हर गॅरेजवर येऊन सांगतो, ‘वस्ताद, मागून घूं घूं करतेय.’ एवढं ऐकून लगेच एक्सलचं हाऊसिंग उघडायला घेणारा मिस्त्री मला पटत नाही. पहिला प्रश्न हाच विचारायचा, ‘उताराला घुमते की चढाला?’ चढाला रेस दिली की एक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाच्या, म्हणजे क्राऊनच्या, दातांची एक बाजू भार घेते. उताराला रेस सोडून गाडी गिअरमध्येच ठेवली की दुसरी बाजू घेते. म्हणून फक्त ओढताना किंवा फक्त सोडताना आवाज आला, तर संशय दातांवर आणि क्राऊनला फिरवणाऱ्या पिनियनच्या बेअरिंगवर जातो. सरळ जाताना शांत आणि वळताना कटकट असेल, तर आतले स्टार गिअर आणि त्यांचे वॉशर बघायचे. क्लच सोडताना एकदाच ‘ठक्’ होत असेल, तर एक्सल राहू द्या, आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून बघा. आणि केबिनच्या अगदी पाठीमागे घुमत असेल, तर ते बहुधा त्याच शाफ्टचं सेंटर बेअरिंग. त्याचं पाप डिफरन्शियलच्या माथी मारून लोकांनी एक्सल उघडलेले मी पाहिले आहेत.

आणखी एक कसोटी. चाळीसच्या वेगाला गाडी न्यूट्रल करून सोडा. भार गेल्याबरोबर आवाज गेला तर दात. तसाच राहिला तर बेअरिंग किंवा टायर. डांबरावर एक आवाज आणि काँक्रीटवर दुसरा, असं असेल तर बिनदिक्कत टायर. पण हे सपाट, मोकळ्या रस्त्यावरच करायचं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे कमी नाहीत. तिथे कसे अपघात होतात ते पुणेकरांना सांगायला नको.

मोठ्या ट्रकला बहुधा फुल फ्लोटिंग एक्सल असतो. म्हणजे गाडीचं वजन हबचे बेअरिंग आणि हाऊसिंग पेलतात, आतला एक्सल शाफ्ट नुसता चाक फिरवतो. त्याचा एक फायदा आहे. चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, हबवरचे नट काढून दोन्ही शाफ्ट बाहेर घ्या, आणि गाडी गिअरमध्ये टाका. गाडी जागची हलत नाही, पण क्राऊन-पिनियन आत फिरतात. आता लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हाऊसिंगला आणि मूठ कानाला लावा. फिरत्या प्रोपेलर शाफ्टपासून मात्र अंग आणि कपडे दूर ठेवा. सहा दातांचं पिनियन आणि ४१ दातांचा क्राऊन असेल, तर क्राऊन एकदा फिरेपर्यंत पिनियन जवळजवळ सात वेळा फिरतं. त्यामुळे पिनियनचं बेअरिंग घाईघाईने करकरतं आणि क्राऊनच्या बाजूचं सावकाश गुरगुरतं. आत सगळं शांत असेल, तर पुढचा संशय हबच्या बेअरिंगवर.

आता गळती. तेल दिसलं की ‘सील बदलून टाका’ हा आपल्याकडचा ठरलेला उपाय. त्याआधी हाऊसिंगवरची बोटाच्या पेराएवढी टोपी शोधा. तो ब्रीदर. एक्सल तापला की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. चिखलाने ती वाट बुजली, तर दाब सीलवर येतो आणि चांगलं सीलही तेल सोडतं. पावसाळ्यात उलटं होतं. तापलेला एक्सल साचलेल्या पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. मग निचरा करताना तेल ताकासारखं निघतं. ब्रीदर धुवायला पाच मिनिटं लागतात. त्यानंतर तेलाची पातळी बघायची. पातळी भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत हवी. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून गाडी तिरपी उभी करून भरलेलं तेल सीलमधूनच बाहेर येतं.

सील बदलायचंच ठरलं, तर नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जाताना जुनं सील सोबत न्या. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी हे आकडे त्याच्यावरच छापलेले असतात. पण सील बसवण्याआधी पिनियनच्या फ्लँजवर नख फिरवून बघा. जुन्या सीलच्या ओठाने तिथे चर पाडलेली असते. नखाला ती लागली, तर नवं सील महिनाभरही टिकणार नाही. फ्लँज बदला किंवा त्यावर स्लीव्ह चढवा. पिनियन वर-खाली हलत असेल, तर आधी बेअरिंग, मग सील.

हबचं सील गेलं, तर मात्र गाडी त्याच दिवशी उभी करा. ते तेल ड्रममध्ये जातं, लायनर भिजतात, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. पेट्रोलने धुऊन वाळवलेले लायनर पुन्हा बसवणं हा काटकसरीचा प्रकार नाही. भिजलेले लायनर बदलायचे, आणि दोन्ही बाजूंचे बदलायचे.

निचऱ्याच्या बोल्टला चुंबक असेल, तर त्यावर काय चिकटलंय ते बघा. करडा, मऊ लेप चालतो. बोटाला टोचणारे तुकडे निघाले, तर हाऊसिंग उघडायला पर्याय नाही.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून येतात, दोघांवर एकच नंबर असतो. एकटं पिनियन बदलून पैसे वाचत नाहीत, आवाज मात्र वाढतो. जोडणी करताना जुने मिस्त्री तेलात शेंदूर कालवून चार-पाच दातांना लावतात आणि क्राऊन हाताने फिरवतात. शेंदूर पुसला जातो, तिथे दात टेकतात. डाग दाताच्या मधोमध हवा. बाहेरच्या टोकाला गेला, तर क्राऊन पिनियनकडे सरकवायचा. आतल्या टोकाला आला, तर लांब न्यायचा. डाग दाताच्या माथ्यावर असेल, तर शिम घालून पिनियन आत घ्यायचं. मुळाशी असेल, तर बाहेर. दर वेळी दातांमधली मोकळीक डायल लावून मोजायची. ती गाडीच्या पुस्तकात दिलेली असते, मिलिमीटरच्या अंशांत. अंगठ्याने हलवून ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. शेंदरात शिसं असतं, तेव्हा हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका.

नवी जोडी बसली की पहिली फेरी रिकाम्या गाडीची. सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनपर्यंत बेताच्या वेगाने जा, थांबा, आणि हाऊसिंगला हात लावा. गरम लागेल, पण हात ठेवता आला पाहिजे. पिनियनच्या तोंडाशीच चटका बसला, तर बेअरिंग जास्त आवळलंय. माल भरायच्या आधी ते सैल करून घ्या.