पाय कोरडे आहेत तोवर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "पुस्तकातले नको, तुमच्या घरातले सांगा." तेव्हा मी आज सांगणार आहे ते पुराचे. पूर आला म्हणजे घर सोडावे की घरातच थांबावे, हा प्रश्न आपल्या सांगलीत कोणत्या घरी पडला नाही?

आमच्या जिन्याच्या भिंतीवर एक रेघ आहे. २००५ साली कृष्णामाईचे पाणी आत आले, ते जिथे थांबले तिथे मामंजींनी खिळ्याने ती ओढली. जिन्याची तिसरी पायरी. त्या वर्षी घरची सगळी माणसे माडीवर राहिली आणि सुखरूप राहिली. तेव्हापासून ती रेघ म्हणजे आमच्या घरचा कायदाच झाला होता.

२०१९ साली ५ ऑगस्टला नागपंचमी होती. मी पुरणाची दिंडे उकडायला ठेवली होती आणि बाहेर गाडीवरून कर्ण्यातून सांगत होते, घरे सोडा. पाणी इशाऱ्याची पातळी ओलांडून वर चालले होते. शेजारच्या जाऊबाई लेकरांना घेऊन निघाल्या. "चला," म्हणाल्या. सासूबाईंनी रेघेकडे बोट दाखवले. "पंचेचाळीस वर्षं या घरात काढली. पाणी तिसऱ्या पायरीवर येतं नि परत जातं."

हे माझ्याकडे बघू लागले. खरे सांगते, दोष मी सासूबाईंवर टाकणार नाही. मलाही जायचे नव्हते. गव्हाची कोठी भरलेली, टोपल्यात दिंडे, घराला कुलूप लावले तर चोरांची भीती. शाळेत शेकडो माणसांत राहायचे, तर म्हाताऱ्या माणसाची आंघोळ, संडास कसे व्हायचे? मुलगी तेव्हा चौदा वर्षांची, तिची अडचण वेगळीच. आपण बायका घर का सोडत नाही याची कारणे पुरुषांना किरकोळ वाटतात. पण पाय अडतो तो त्यांतच.

आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशी पाणी तिसऱ्या पायरीवर आले. सासूबाई म्हणाल्या, "बघा." रात्रीतून पाचवी गेली, सातवी गेली. २००५ साली आयर्विन पुलापाशी पाणी सुमारे ५४ फूट चढले होते. २०१९ साली ते ५७ फुटांच्या वर गेले. तीन फूट म्हणजे काय, हे आकड्यात कळत नाही. माडीच्या जिन्यात उभे राहिले म्हणजे कळते.

वीज गेली. प्यायचे पाणी दोन कळश्या उरले. सासूबाईंना मधुमेह, सुईचे औषध थंडाव्यात ठेवावे लागते, आणि शीतकपाट तर खाली पाण्यात. चौथ्या दिवशी त्या बोलेनाशा झाल्या. गॅलरीतून मी पदर हलवून हलवून ओरडले. नाव घेऊन मुले आली, विशीतली पोरे. सासूबाईंना खुर्चीत बसवून, नऊवारी लुगड्याने बांधून खाली सोडले. नाव एकदा अशी कलली की एक मुलगा पाण्यातच गेला. दुसऱ्यांनी त्याला दंडाला धरून वर काढला. तो हसत होता; मला मात्र त्याची आई दिसत होती.

त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि बायकामुले बुडाली, हे आपण सगळ्या जाणतो. ते ऐकले तेव्हा माझ्या मनाने एक गोष्ट पक्की धरली. घरात थांबले म्हणजे आपण आपल्याच जिवावर खेळतो असे नव्हे. उद्या आपल्याला न्यायला येणाऱ्या लेकरांच्या जिवावरही खेळतो.

आता आपली नदी कशी आहे ते पाहा. पुण्याला १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा लोकांना विचार करायला वेळ असा मिळालाच नाही. आपली कृष्णा तशी नव्हे. ती फुटाफुटाने चढते. कोयनेतून सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेत येते, मग आपल्याकडे. खाली हरिपूरला वारणा भरली की पाणी तुंबते. पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. नदी आपल्याला सांगून येते. पण आपण तिचे न ऐकता भिंतीवरच्या रेघेचे ऐकतो. रेघ मागच्या पुराची असते. येणारा पूर तिला बांधलेला नसतो.

म्हणून आम्ही घरात ठरवले, आणि उन्हाळ्यात ठरवले, डोके शांत असताना. ४० फूट झाले की सासूबाई, मुलगी, औषधे आणि कागदपत्रांची पिशवी मिरजेला माझ्या बहिणीकडे. ४५ व्हायच्या आत सगळ्यांनी निघायचे. गोठ्यातली म्हैस आधीच उंचावर, पाहुण्यांच्या वस्तीत. त्या दिवशी कोणी कोणाला विचारायचे नाही. सासूबाई म्हणाल्या, "मला विचारूच नका. मी नाहीच म्हणेन. मला उचला."

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५४ फुटांच्या पुढे गेले. कोठीतले गहू गेले, गाद्या गेल्या. पण आमच्यासाठी कोणाला नाव काढावी लागली नाही. सासूबाई मिरजेत खाटेवर बसून भाचीला दिंडे कशी करायची ते शिकवत होत्या.

२०२४ च्या जुलैत मात्र पाणी इशाऱ्याच्या आसपास आले आणि ओसरले. सासूबाई व मुलगी मिरजेला गेल्या आणि चार दिवसांनी परत आल्या. आळीतल्या एकीने हसून विचारले, "काय, फुकट हेलपाटा?" सासूबाईंनी उत्तर दिले, "बाई, हेलपाटा परवडतो. लुगड्याला बांधून घेणं परवडत नाही."

एक मात्र सांगते. निघायची वेळ टळली, दाराशी वाहते पाणी आले, तर त्यात पाय घालू नका. मग वरच थांबा, वीज बंद करा, प्यायचे पाणी जपा आणि हाक मारा. निघणे शहाणपणाचे, ते पाय कोरडे आहेत तोवरच.

आपल्या मंडळाने एवढे करावे, अशी माझी विनंती आहे. ज्या घरी एकटी म्हातारी माणसे आहेत, आजारी आहेत, दिवस गेलेल्या सुना आहेत, त्यांची यादी ज्येष्ठातच करावी. कोणी कोणाला न्यायचे ते वाटून घ्यावे. शाळेत बायकांसाठी आडोसा आणि संडास नीट असेल हे आपणच जाऊन बघावे. तो असेल तर निम्म्या बायका आपण होऊन निघतील.

आमच्या जिन्यावर आता दुसरी रेघ आहे, नवव्या पायरीवर. ती ओढताना सासूबाई म्हणाल्या, "हिच्यावरही विसंबू नका."