आवाज जपायचा तर वर्गणी हवी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणावरून)





आज मी पैसे मागायला उभा आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे शेवटी कुणी चप्पल शोधायच्या घाईत उठणार नाही.

गोष्ट अमेरिकेतली आहे. 1949 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कले गावी लुईस हिल नावाच्या युद्धविरोधी माणसाने के.पी.एफ.ए. हे रेडिओ केंद्र सुरू केले. जाहिराती घ्यायच्या नाहीत, सरकारपुढे हात पसरायचा नाही, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालायचे, असा त्याचा बाणा. लोक हसले असतील. एफ.एम.चे सेट तेव्हा फार थोड्या घरांत होते. सव्वा वर्षातच, 1950 च्या ऑगस्टमध्ये, पैसा संपला आणि केंद्र बंद पडले. मग श्रोत्यांनीच वर्गणी जमवली आणि 1951 च्या मे महिन्यात ते पुन्हा सुरू झाले. हिलचा हिशेब साधा होता. ऐकू शकणाऱ्या शंभर माणसांतल्या दोघांनी नियमित वर्गणी दिली तरी केंद्र चालते. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांनी फुकट ऐकावे, त्यांच्यावर राग नाही.

पुढे या पॅसिफिका संस्थेची लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, ह्यूस्टन आणि वॉशिंग्टन येथेही केंद्रे निघाली. ह्यूस्टनचे प्रक्षेपण यंत्र तर 1970 साली एकदा नव्हे, दोनदा बॉम्बने उडवले गेले. ज्या आवाजांना मोठी केंद्रे जागा देत नसत ते येथे ऐकू येत. माल्कम एक्सचे नाव तुम्ही ऐकले असेल. हज करून आल्यावर, 1965 साली वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. 1961 साली न्यूयॉर्क केंद्रावर लेखक जेम्स बाल्डविन यांच्याशी त्यांचा वाद झाला होता. तो वाद आजही ऐकता येतो. छापील भाषण वाचणे वेगळे. समोरच्याचे बोलणे ऐकताना तो माणूस कोठे थांबतो, कोठे हसतो, हे कागदावर उतरत नाही.

पण हे ऐकता येते ते आपोआप नाही. टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर डिंकासारख्या पदार्थाने बसवलेली चुंबकीय भुकटी. जुन्या ॲसिटेटच्या पट्टीला कालांतराने शिरक्याचा वास येऊ लागतो, ती आक्रसते आणि तुटते. सत्तरीच्या दशकानंतरच्या पुष्कळ टेपांचा डिंक हवेतला ओलावा पिऊन चिकट होतो. असली टेप तशीच यंत्रावर चढवली तर भुकटी खरवडून निघते आणि आवाज कायमचा जातो. ती मंद आचेच्या भट्टीत, सुमारे पन्नास अंशांवर, काही तास तापवावी लागते. मग थोड्या काळापुरती ती वाजते, तेवढ्यात नक्कल उतरवून घ्यायची. एक तासाची टेप उतरवायला एक तास लागतोच, तेथे घाई चालत नाही. शिवाय जुनी यंत्रे दुरुस्त करणारे कारागीरही आता थोडेच उरले आहेत.

पॅसिफिकाकडे अशा हजारो टेपा. त्यासाठी त्यांनी जी युक्ती काढली ती मला फार आवडते : एक टेप दत्तक घ्या. तुमच्या देणगीतून नेमकी ती टेप वाचते. ‘निधीला मदत करा’ म्हटले की माणूस खिशात हात घालून नाणी चाचपतो. ‘ही टेप तुमची’ म्हटले की तो घरी जाऊन बायकोला सांगतो.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशात सामाजिक संस्थांना रेडिओ केंद्र काढण्याची मुभा मिळाली ती 2006 साली. म्हणजे आपल्या वाडवडिलांचा आवाज कुठल्या केंद्रात मिळायचा नाही. तो आहे तुमच्या कपाटावरच्या पेटीत. मोहल्ल्यातला मिलाद, कुणाचा वाज, मुशायरा, हळदीच्या रात्री बायकांनी म्हटलेली गाणी. माझ्या दादीची गाणी आमच्या घरी एका कॅसेटवर होती. दहावीच्या सुट्टीत त्याच कॅसेटवर मी क्रिकेटची कॉमेंटरी भरली. सामना कोणता होता तेही आता आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, मुलांची फी भरायची की जुन्या कॅसेटी चाटत बसायचे? प्रश्न रास्त आहे. म्हणून स्पष्ट सांगतो. जकातीचा पैसा याला लावता कामा नये. तो ज्यांच्या हक्काचा आहे त्यांनाच मिळाला पाहिजे. शिष्यवृत्तीच्या निधीतलाही एक पैसा नको. यासाठी वेगळी वर्गणी, वेगळे पावतीपुस्तक आणि वर्षाअखेर जाहीर हिशेब. हिलच्या हिशेबाने हजार घरांतली वीस घरे पुरतात. तेवढी या मंडपात बसली आहेत, मला इथून दिसताहेत.

ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांनी कॅसेट आणावी. विद्यार्थ्यांनी एवढे करावे : घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून वेष्टणावर आवाज कुणाचा, गाव कोणते, प्रसंग कोणता, साल अंदाजे कोणते, हे पेन्सिलीने लिहून काढावे. हे सांगणारी माणसे आज आहेत. आणि कॅसेटच्या कडेच्या दोन चकत्या अजून शाबूत असतील तर त्या मोडून टाका, म्हणजे वर दुसरे काही भरले जाणार नाही.

टेपा संस्थेच्या कार्यालयात शुक्रवार सोडून रोज स्वीकारल्या जातील. मेहेरबानी करून आणण्यापूर्वी ‘एकदा वाजवून तर बघू’ म्हणून घरी वाजवू नका.