सहीची ताकद
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील मनोगत)

ताईंनो, स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावची गोष्ट सांगते. १३ मार्च १९९६ ला एक माणूस परवान्याच्या बंदुका घेऊन शाळेत शिरला. १६ लेकरं अन् त्यांच्या बाई गेल्या. तिथल्या आयाबायांनी डोळे पुसले अन् अर्ज लिहिला, ‘लोकांकडे पिस्तूल नको.’ ७ लाखांवर सह्या जमल्या. खासदारांना ऐकावंच लागलं. १९९७ मध्ये तसा कायदा झाला.

आपणही अंगठा सोडून सही शिकलो. ती काय नुसती कर्जाच्या कागदापुरती? गावात कुणाकडं कट्टा आलाय, वरातीत बार काढतात, तर गप्प बसू नका. ग्रामसभेत ठराव मांडा, आमदारांकडं अर्ज द्या, उत्तर मागा. लेकरू गेल्यावर नव्हे, आधीच!