नमुना कुठून घेतला?

(पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांसमोर पुण्यात केलेले भाषण)



माझी मावसबहीण इथल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी करते. पदवीसाठी तिला दोन पेपर निवडायचे होते. यादी पाठवून तिने विचारलं, "भाईजान, सोपे कोणते?" खालूंचा प्रश्न वेगळा होता, नोकरी कशाने लागेल? तिच्यासाठी स्थळं बघताहेत, हे ते बोलले नाहीत, पण मला कळलं.

सोपं काय, हे मीही बघितलं होतं. इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीमधलं रिग्रेशन, बायनॉमियल, पॉयझाँ, सगळं गाईडवरून घोकून पास झालो. पुढे नोकरीत एका चाचणीसाठी किती माणसं घ्यायची, हे विचारलं तेव्हा गप्प बसलो.

पण खरी फजिती मोहल्ल्यात झाली. आम्ही आठ-दहा जणांनी कोंढव्यात शाळागळतीची पाहणी केली. संध्याकाळच्या शिकवणीला येणाऱ्या मुलांकडून फॉर्म भरून घेतले. गळती जवळजवळ नाहीच, असं निघालं. खूश होऊन सभेत सांगितलं. मागे बसलेल्या एक बाई म्हणाल्या, "माझा मुलगा गॅरेजात जातो. त्याला कुणी विचारलं?" शाळा सोडलेलं पोर शिकवणीला कशाला येईल? हजार फॉर्म भरले असते तरी चूक तीच राहिली असती, फक्त आमची खात्री वाढली असती.

आपल्याबद्दल आकडे सगळेच बोलतात. सच्चर समितीचा २००६चा अहवाल घ्या. २००१च्या जनगणनेवरून त्यात म्हटलंय, की वीस वर्षं व त्यापुढच्या लोकांत पदवी किंवा पदविका असलेले देशात सुमारे ७ टक्के, मुस्लिमांत ४ टक्क्यांहून कमी. आता 'पदवीधर' काढून 'शिकलेले' घाला, वाक्य खोटं झालं. त्याच जनगणनेत मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के होती. छेदात कोण आहे, हे विचारणारी माणसं आपल्यात किती?

म्हणून तिला म्हटलं, सॅम्पलिंग घे आणि जोडीला रिग्रेशन. सॅम्पलिंगचं नाव कंटाळवाणं आहे, मान्य. मशीन लर्निंग भारी वाटतं, पण मॅट्रिक्स कच्च्या असतील तर ते पुन्हा घोकणंच. अॅक्च्युअरियल चांगलं, मात्र त्याच्या वेगळ्या परीक्षा पुढे कित्येक वर्षं चालतात. घरच्यांना ते आधी सांगा.

कॉलेजात पेपर नसेल तर 'स्वयम' आहे. यूजीसीच्या २०२१च्या नियमांत सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून घेता येतात. पण कॉलेजची मंजुरी आधी, लेखी घ्या. आणि नुसते व्हिडिओ बघून क्रेडिट मिळत नाही, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. पुण्यात तर विचारायला माणसंही आहेत. विद्यापीठातला संख्याशास्त्र विभाग १९५३ पासून, कोल्हापूरच्या डॉ. हुजूरबाजारांनी उभा केलेला.

बहिणीने दोन्ही पेपर घेतले. प्रोजेक्टला आमचीच फसलेली पाहणी घेतलीय. या वेळी घरांची यादी करून दर पंधरावं घर. कुलूप असलं तरी शेजारचं घर घ्यायचं नाही, पुन्हा यायचं, असा तिचा दंडक. दिवसा बरीच घरं बंद असतात आणि संध्याकाळी खालू तिला एकटीला पाठवत नाहीत. म्हणून रविवारी मी सोबत जातोय. अजून चार जणी हव्यात, भाषणानंतर तिच्याकडे नावं द्या. ती बघा, तिसऱ्या रांगेत बसलीय.